मोठ्या ट्रॅक्टरचा मागचा बोल्ट

माझ्या साडूने मला फसवलं. ट्रॅक्टरच्या वाटणीत फसवलं, सासऱ्याच्या ओसरीवर बसून फसवलं, आणि नंतर वर तोंड करून म्हणाला की वाटा तर तूच उचललास. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. नातेवाईक म्हणतात, सोडून द्या. ज्याचं काही गेलेलं नसतं त्याला सोडून देणं सोपं जातं. माझं काय गेलं ते मी इथे लिहून ठेवतो.

तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या सासऱ्याचा आडगावच्या बाजूला मळा होता. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. माल पंचवटीच्या बाजारात जायचा. सासऱ्याने थोरली मुलगी साडूला दिली आणि धाकटी मला. साडू तरुणपणी देवळाली कॅम्पातल्या एका गॅरेजात हेल्पर होता, तिथे तो लोखंड शिकला. मी काहीच शिकलो नव्हतो. बापाने मला जमीन दिली नाही की शाळा दिली नाही, दिलं ते फक्त तोंड. त्या तोंडावर मी हातगाडीवर कांदे विकत नाशिकच्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि भाव करायला शिकलो. माझा एक नियम होता आणि जेवायला बसलो की मी तो सगळ्यांना ऐकवायचो. विकणारा ज्या मालावर हात ठेवतो तो सोडायचा, आणि ज्याच्यावर गोणपाट टाकतो तो उचलायचा.

साडू हसायचा. "हा पाव्हणा एक दिवस नुसतं गोणपाटच घेऊन घरी येईल," म्हणायचा. त्याची बायको, जिला माझी बायको अक्का म्हणायची आणि म्हणून मीही अक्काच म्हणायचो, ती भाकरी वाढता वाढता पदराआड हसायची. त्या हसण्याचा मला तेव्हा राग येत नसे.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडल्यावर लोकांच्या हातात जरा पैसा आला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक छोटा जुना ट्रॅक्टर घेतला. भाड्याने नांगरट करायची. ते चाललं, म्हणून दोन-तीन वर्षांनी एक मोठा घेतला. तो परदेशी बनावटीचा होता, आधीच्या मालकाने चिंचेखाली उभा करून ठेवलेला. कोंबड्या त्याच्या सीटवर बसायच्या. त्याचा सौदा मी केला, आणि त्याला चालू साडूने केलं. म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रस्त्याला आमची पत्र्याची शेड होती. तोंड माझं आणि हात त्याचा, अशी ती भागी.

त्या चिंचेखालच्या ट्रॅक्टरचे बोल्ट सोडताना मी साडूला पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळे गंजून लोखंडाशी एकजीव झालेले. मी पान्याला लांब पाइप लावला आणि त्यावर लोंबकळायला निघालो. त्याने माझा हात धरला.

"काय कुस्ती खेळतो का त्याच्याशी?"

"मग काय आरती ओवाळू?"

"ओवाळ. पण आधी रॉकेल पाज." त्याने रॉकेलात जुनं ऑइल मिसळलं आणि थेंब थेंब बोल्टाच्या मुळाशी सोडलं. मग हातोडीने डोक्यावर हलके ठोके. जोरात नाहीत, दार वाजवल्यासारखे. "गंजाला हलवायचं, बोल्टाला नाय," म्हणाला. नंतर पाना लावून त्याने बोल्ट सोडण्याऐवजी केसभर आवळला.

"उलटा फिरवतोय तू," मी म्हणालो.

"त्याला वाटलं पाहिजे आपण त्याच्या बाजूचे हाय. आधी थोडा आवळायचा, मग सोडायचा. थोडा सोडायचा, परत आवळायचा. रागानं बोल्ट निघत नाय, रागानं त्याचं डोकं निघतं."

कर्र असा एक आवाज आला आणि बोल्ट फिरला. त्या आवाजाने मला जेवढा आनंद झाला तेवढा नंतर घर बांधल्यावरही झाला नाही. आज लिहिताना वाईट एवढ्याचंच वाटतं की हे मला ज्याने शिकवलं त्याच्याचबद्दल मला हे लिहावं लागतंय. शेडमधले ते दिवस चांगले होते. अक्का आणि माझी बायको आळीपाळीने डबा पाठवायच्या. दोन्ही घरची भाजी एकाच मळ्यातली, तरी साडू घास घेतला की ओळखायचा, कुणाच्या हातची आहे.

मग एका वर्षी पावसाळा संपता संपता मोठा ट्रॅक्टर धूर टाकायला लागला. ऑइल काढून पाहिलं तर ताकासारखं पांढुरकं. म्हणजे पाणी ऑइलात उतरत होतं, इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग गेलं होतं. डोकं उचलायचं, पॅकिंग बदलायचं, परत बसवायचं. काम मोठं नव्हतं. साडूने सगळे बोल्ट सोडले, फक्त एक सुटेना. अगदी मागचा, जिथे हात नीट जात नाही आणि पाणी साचतं. तो एक निघाल्याशिवाय डोकं उचलता येईना.

मी मनमाडला गेलो. तिथे रेल्वेच्या भंगाराचे व्यापारी होते, त्यांच्याकडे जुने पट्टे, बेअरिंग, नट-बोल्ट स्वस्तात मिळायचे. बहीण तिथेच दिलेली, म्हणून राहिलोही. परत आलो तेव्हा साडू शेडच्या दारात विडी ओढत बसला होता.

"निघाला का?"

"नाय. रॉकेल मुरतंय. घाई नको."

मी जाऊन पाहिलं. बोल्ट तिथेच होता, डोक्यावर गंज, भोवती रॉकेल. बाकीचे बोल्ट त्याने धूळ जाऊ नये म्हणून हाताने परत बसवून ठेवले होते. मी म्हणालो, बरं. त्याच्या हाताच्या कामात मी कधी बोट घातलं नव्हतं, आणि तेवढ्यात छोट्याचं काम जोरात होतं. मोठा तसाच उभा राहिला.

त्या हिवाळ्यात आमचं फाटलं. कारण मोठं नव्हतं. साडू त्याच्या भावकीला ट्रॅक्टर फुकट द्यायचा, आणि मी गिऱ्हाइकांशी भांडतो, असं त्याचं म्हणणं. मी भांडतो म्हणून दोन्ही घरच्या चुली पेटतात, असं माझं. एकदा शेडमध्ये गिऱ्हाइकासमोर आमची जुंपली. दुसऱ्या दिवशी सासऱ्याने दोघांना मळ्यावर बोलावलं आणि सांगितलं, वेगळे व्हा, पण नातं ठेवून व्हा.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. म्हणजे पाडणारा कमी-जास्त करत नाही, कारण काय उरेल ते त्याच्या हातात नसतं. भावाभावांत असंच चालतं, भागीदारांतही. पंचाची गरज पडत नाही. साडू वयाने मोठा म्हणून त्याने वाटे पाडले. एकीकडे छोटा ट्रॅक्टर, चालू. दुसरीकडे मोठा, बंद, आणि त्याच्याबरोबर ट्रॉली आणि शेडची जागा.

सासरा माझ्याकडे बघून म्हणाला, "उचला जावईबापू."

मी विचार करत बसलो. मोठ्यात अडलं होतं ते एका बोल्टाचं. बोल्ट निघाला की तो छोट्याच्या दुप्पट काम करणार, शिवाय ट्रॉली आणि रस्त्यावरची जागा. एका बोल्टाला भिऊन कोण एवढं सोडतं? साडू मान खाली घालून तंबाखू मळत होता. तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. माझ्या हातात कप देताना हळूच म्हणाली, "पाव्हणं, छोटा घ्या. चालतं चाक हाय. पोरंबाळं हायत तुम्हाला."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने नजर काढून घेतली आणि दुसरा कप सासऱ्याला दिला. मला वाटलं, कळलं. विकणाऱ्याने मालावर हात ठेवला. माझ्या हातात छोटा द्यायचा आणि मोठा आपल्याला ठेवायचा, आणि हे नवऱ्याला बोलवत नाही म्हणून बायकोला पुढे केलंय.

"मी मोठा उचलला," मी म्हणालो.

साडूने तंबाखू तोंडात टाकली आणि मान हलवली. अक्का आत गेली. सासऱ्याने नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा दोघांना दिला. मी खाल्ला, त्यानेही खाल्ला.

आता माझ्यापुढे पाडवा होता. पाडव्यापासून उन्हाळी नांगरटीचा हंगाम सुरू होतो. गिरणारे गावाच्या बाजूला लोक तेव्हा द्राक्षबागेसाठी जमिनी खोल नांगरून घेत होते, आणि ते काम छोट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मी तिथल्या शेतकऱ्यांना शब्द देऊन बसलो होतो. पाडव्याला मोठा चालू झाला तर मी माझ्या पायावर उभा. नाही झाला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. मग मी पुन्हा हातगाडी ढकलणार. बायकोला हे माहीत होतं. ती फक्त रोज संध्याकाळी विचारायची, "हलला का?"

मी त्या बोल्टाला रॉकेल पाजलं. सकाळी पाजलं, संध्याकाळी पाजलं. माझा स्वभाव तापट आहे, गावाला माहीत आहे, पण त्या बोल्टाशी मी जसा वागलो तसा कुणाशी वागलो नसेन. दार वाजवल्यासारखे ठोके दिले. मेणबत्ती पेटवून मेण त्याच्या मुळाशी सोडलं. पाना लावला, केसभर आवळायला गेलो, तर तो आवळतही नव्हता. थांबलो. साडूचं सगळं शिकवणं एकेक करून वापरलं, पाइप मात्र लावला नाही. एक दिवस शेजारच्या पंक्चरवाल्याने विचारलं, "काका, पोटच्या पोरालाबी एवढं जपलं नसंल. नाव काय ठिवलं ह्याचं?" मी त्याला शिवी दिली नाही यावरून माझं काय चाललं होतं ते समजावं.

पाडवा जवळ आला तेव्हा मी पाना लावून साधा जोर दिला. पाइप नव्हता, नुसता मनगटाचा जोर. बोल्टाचं डोकं पान्याबरोबर निघून आलं.

तुटल्याचा आवाज झाला नाही. लोखंड तुटतं तेव्हा कडाका होतो, हाताला झिणझिण्या येतात. इथे काहीच नाही, बाटलीचं बूच निघावं तसं ते निघालं. मी ते हातात घेऊन उलटं केलं. खाली तुटलेल्या लोखंडाची चमक नव्हती. वाळलेला राखाडी मसाला होता, ज्याने पाइप-टाक्या चिकटवतात तो. आणि डोकं जिथून निघालं तिथे, बोल्टाच्या मधोमध, एक वाकडं भोक पाडलेलं. त्यात कापसाचा बोळा कोंबलेला.

म्हणजे बोल्ट केव्हाच तुटला होता. कुणीतरी त्यात ड्रिल मारलं होतं, ते वाकडं गेलं होतं, मग तुटलेलं डोकं परत चिकटवून वरून गंज फासला होता. इतके दिवस मी मेलेल्या माणसाच्या तोंडात औषध घालत होतो.

तरीही मी हरलो नाही. द्वारका चौकाजवळच्या एका गॅसवेल्डिंगवाल्याला सामानासकट शेडवर आणलं. त्याने उरलेल्या बोल्टाच्या थोटकावर एक नट वेल्ड केला, म्हणजे पान्याला धरायला काहीतरी मिळावं. मग ज्योतीने भोवतीचं लोखंड तापवायला सुरुवात केली. तापल्यावर एक घाण वास सुटला.

"काका, इथं लांबी भरलीय," वेल्डिंगवाला म्हणाला. इंजिनाच्या अंगावर, त्या बोल्टाच्या शेजारी, रंगाचा पापुद्रा फुगला आणि गळून पडला. त्याच्या खाली लांबी होती, भिंतीच्या भेगा बुजवतात ती. ती जळून पडली तशी आतून एक बारीक काळी रेघ दिसली. वरून खालपर्यंत गेलेली.

वेल्डिंगवाल्याने ज्योत बाजूला केली. मग तो म्हणाला, "बोल्ट काढू का? काढून आता काय उपयोग, ते तुम्ही बघा."

"काढ," मी म्हणालो.

त्याने नटाला पाना लावला. आधी केसभर आवळला. मग सोडला. कर्र असा आवाज आला, तोच, चिंचेखाली आला होता तसा. बोल्ट फिरला आणि सगळाच्या सगळा बाहेर आला, अर्ध्या अंगाने तांबडा, अर्ध्याने काळा. इतक्या दिवसांचं अडलेलं काम झालं होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं. इंजिनाचं डोकं उचललं. भेग आत सिलिंडरपर्यंत गेली होती. भोकात छिन्नी घालून कुणीतरी घाव घातले होते, त्यानेच बीड, म्हणजे इंजिनाचं ओतीव लोखंड, फुटलं होतं. बिडाची भेग वेल्डिंगने टिकत नाही. आम्ही तरी करून पाहिली. पाणी भरलं आणि ते पाझरलं.

मी ते चिकटवलेलं डोकं खिशात घालून सायकलवर निघालो. साडू ओझरच्या अलीकडे एका शेतात छोट्याने नांगरत होता. मी बांधावर उभा राहिलो. तो फेरी संपवून आला, पण इंजिन बंद केलं नाही. मी ते डोकं त्याच्यासमोर धरलं तेव्हा बंद केलं.

"हे काय आहे?"

"बोल्टाचं डोकं."

"कुणी चिकटवलं?"

तो खाली उतरला, गमछ्याने तोंड पुसलं. "तू मनमाडला गेला होता तवा तुटला. काढायला गेलो तर ड्रिल वाकडं गेलं. मग छिन्नी घातली."

"तुझ्या हातून?"

"माझ्या हातून. लोखंड हाय, कधी ऐकतं, कधी नाय. तुला सांगितलं असतं तर तू मला रस्त्यावर उभा करून फाडला असता. चारचौघांत. गिऱ्हाइकाला फाडतो तसा."

"ते मी बघितलं असतं. वाटणीच्या दिवशी का नाही सांगितलं?"

"मी वाटे पाडले. उचलला तू. मी मोठ्यावर हात ठिवून म्हणलो का, हा घे?"

"आतून फुटलेला आहे हे सांगायचं होतं."

"बाजारात बैल घेताना विकणारा सांगतो का, हा नांगराला जुपला की खाली बसतो म्हणून? तूच म्हणतो ना, घेणाऱ्यानं डोळे उघडे ठिवावे."

"आपण बाजारात नव्हतो," मी म्हणालो. "सासऱ्याच्या ओसरीवर होतो."

तो नांगराच्या फाळाला चिकटलेली माती पायाने काढायला लागला. मी विचारलं, "अक्काला माहीत होतं?"

"तिला विचार," तो म्हणाला, वर न बघता.

त्या वर्षी पाडव्याला मी गुढी उभारली आणि गिरणाऱ्याला जाऊन लोकांना सांगून आलो की माझ्याच्याने होणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पाणी दिलं, चहा दिला, आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला. मोठा भंगारात गेला. त्याचे तुकडे करायला माणसं आली त्या दिवशी मी शेडवर गेलो नाही. हातगाडी मी पुन्हा ढकलली. पुढे पाण्याच्या मोटारींचा धंदा काढला आणि त्यात वर आलो, पण ते माझं मी आलो. त्यात कुणाचा हात नव्हता.

अक्का त्या उन्हाळ्यात एकदा आमच्या घरी आली. पिशवीत मेथीच्या जुड्या होत्या, मळ्यातल्या. माझी बायको उठून तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेली. मी मध्ये उभा राहिलो.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं का?"

"मी तुम्हाला छोटा घ्या म्हणलं होतं," ती म्हणाली.

"ते मला आठवतं. फुटलाय हे माहीत होतं म्हणून म्हणालात, की मी ऐकून उलटंच करणार हे माहीत होतं म्हणून म्हणालात?"

माझ्या बायकोने "अहो" म्हटलं, एवढंच. अक्काने पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेली. ती मेथी आमच्या घरात कुणी शिजवली नाही. सुकून गेल्यावर बायकोनेच ती उचलून गाईला घातली.

त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत. बाजारात भेटत असतील. बायको मळ्यावरून आली की तिच्या अंगाला कधी कधी अक्काच्या घरच्या चुलीचा वास येतो, पण मी विचारत नाही. अक्काच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली होती. बायकोने ती देवापुढे ठेवली आणि लग्नाच्या दिवशी दिवसभर माजघरात गहू निवडत बसली. मी म्हणालो, तू जा. ती म्हणाली, एकटी कशी जाऊ. सासरा मरताना मला म्हणाला, जावईबापू, मिटवा. मी म्हणालो, मिटवतो, एक उत्तर मिळू द्या.

साडू अजून आहे. छोटा ट्रॅक्टर कधीच विकला, आता मुलांच्या जिवावर बसून खातो. देवळात दिसतो, मान वळवतो. ट्रॅक्टर मी मागत नाही, गेलेला हंगामही मागत नाही. त्याने बोल्ट तोडला, लपवला, ते त्याने शेतात उभं राहून कबूल केलं. पण एक गोष्ट त्याने तेव्हा बायकोवर ढकलली आणि तिने ती गिळली. सबंध नाशिकात माझा नियम त्याच्याएवढा कुणालाच ठाऊक नव्हता. अक्का चहा घेऊन माझ्याकडे आली ती आपल्या मनाने आली असेल, तर माझं भलं चिंतणारं त्या ओसरीवर एकच माणूस होतं आणि त्याला मी माझ्या दारातून परत पाठवलं. तिला त्याने पढवून पाठवलं असेल, तर ते त्याने सांगावं. तिला पुढे करू नये, तिला विचार म्हणू नये. त्याने माझ्यासमोर यावं, नाहीतर देवळात सगळ्यांच्या देखत माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: अक्काला छोटा घ्या म्हणायला तूच पाठवलं होतंस का? हो की नाही, एवढं एक त्याने सांगावं.